लकवा झालेल्या माणसाने नाचायचं कसं?



बोळिंजच्या बैठकीत मी "लकवा झालेल्यांसाठी मोबाईलवर डान्स क्लास" असं म्हटलं, तेव्हा आधी हशाच पिकला. मग एक ताई म्हणाल्या, "सासूबाईंना धड उभं राहता येत नाही, त्या काय नाचणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

लकवा हातापायाला झाला असं आपण म्हणतो, पण बिघाड मेंदूत असतो. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बहुधा उजवा हात-पाय लुळा पडतो, उजवीकडे झाली की डावा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मेंदूचा शाबूत भाग त्यांचं थोडंफार काम शिकू शकतो. लहान मूल चालायला शिकतं तसाच, तीच हालचाल शेकडो वेळा करून. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, पण नंतरही होऊ शकते.

आणि इथेच आपल्या घरांत अडतं. फिजिओथेरपीला न्यायचं तर दोन माणसं, रिक्षाभाडं आणि सुनेचा एक खाडा. महिनाभरात जाणं बंद पडतं. घरी आपण मायेने भरवतो, वेणी घालतो. लुळा हात मांडीवर पडून राहतो आणि आखडत जातो.

नाच इथे दोन कारणांनी कामाला येतो. व्यायामाचा कंटाळा येतो, आवडत्या गाण्याचा सहसा येत नाही. आणि दुसरं म्हणजे ठेका. ठेका कानावर पडला की पुढचं पाऊल कधी टाकायचं ते मेंदूला आधीच कळतं. ठेक्यावर चालायचा सराव केला तर लकव्यानंतरची चाल सुधारते, हे अभ्यासांत दिसलंय. नाचाच्या वर्गांवरचे अभ्यास मात्र अजून छोटे आहेत. तेव्हा नाचाने लकवा बरा होतो असं कोणी सांगून पैसे मागितले, तर देऊ नका. ही फिजिओथेरपीला जोड आहे, तिच्याऐवजी नाही.

आपल्या राज्यातलं उदाहरण पुण्याचं आहे, आजार मात्र वेगळा, कंपवात. नृत्यकार हृषीकेश पवार यांनी 2010 च्या सुमारास पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सोबतीने कंपवात असलेल्यांसाठी नाचाचा वर्ग सुरू केला. ज्यांना पाऊल उचलणं जड जातं, अशी माणसं तिथे नाचली. करोनात एकत्र जमणं थांबलं, तेव्हा असे वर्ग मोबाईलवर आले.

आता आपल्या घरात कसं करायचं? आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा, बीपी मोजून घ्या. खुर्ची बिनचाकाची, पाठ भिंतीला टेकलेली. मोबाईल डब्याला टेकवून असा ठेवा की शिकवणाऱ्याला डोक्यापासून पावलापर्यंत माणूस दिसेल. बसूनच सुरुवात करा: चांगल्या हाताने लुळा हात धरून जातं फिरवल्यासारखा गोल, झिम्म्यासारख्या हलक्या टाळ्या, पावलाने ठेका. दहा मिनिटंही पुरे. लुळा हात ओढून वर करू नका, खांदा दुखावतो. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा.

सगळ्यात महत्त्वाचं, लुळ्या बाजूला एक माणूस बसलेलंच हवं. पडद्यावरची बाई तोल गेलेल्याला धरू शकत नाही. "आई क्लासला बसल्यात तोवर भाकऱ्या उरकते" असं चालणार नाही. पण रोज सूनच का बसेल? गटातल्या दोघी-तिघींनी वार वाटून घ्या. नेटपॅकचा खर्च गटाने उचलायचा का, तेही बैठकीत ठरवा. माझ्या मते उचलावा.

एकदा लकवा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका असतो. बीपीची गोळी बंद करू नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर लगेच 108 ला फोन करा. तेल चोळत किंवा कबुतराचं रक्त लावत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी पुढच्या बैठकीला डिस्चार्जचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणावीत. फिजिओथेरपिस्टला काय काय विचारायचं ते आपण एकत्र बसून लिहून काढू.