सल्ल्यास गुण द्यावेत काय?

हौसेने एकमेकांस सल्ला देणाऱ्या मंडळींत सल्लागाराच्या नावापुढे गुण मांडावेत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोराटोरांच्या खेळातला वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या वर्षी अशा गुणांच्या भरवशावर आमच्या भाच्याचा पंधरा गुंठे टोमॅटो गेला, आणि त्या गुणांत एक गुण आमच्या हातचा होता. तेव्हापासून ह्या विषयाचा जो थोडाबहुत विचार आम्ही केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचे खराडी गाव पुणे-नगर रस्त्याला लागून, मुळा-मुठेच्या काठी आहे. ते महानगरपालिकेच्या हद्दीत येऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. जेथे पिके उभी राहत तेथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत संगणकावर काम करणारी हजारो तरुण मंडळी दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून येऊन राहिली आहेत. जुन्या गावठाणात कोणाचे बी चोख, कोणाचा शब्द पोकळ, हे कोणास विचारावे लागत नसे. एखाद्याने खताविषयी काही सांगितले की ऐकणारा मनातल्या मनात त्याचे शेत, त्याचा बाप व त्याची मागल्या सालची ज्वारी आठवून त्या बोलण्याची किंमत ठरवी. आता एकाच जिन्यावर राहणाऱ्यांस परस्परांचे आडनाव ठाऊक नसते. तथापि मातीची ओढ कोणास सुटत नाही. गच्चीवर, खिडकीत, जिन्याच्या वळणावर कढीपत्ता, मिरची, गुलाब, टोमॅटो हे लावले जातातच. अशा हौशी लोकांनी तीन वर्षांपूर्वी मोबाईलवर एक मंडळ काढले व आम्हां चार जुन्या खातेदारांसही त्यांत घेतले. आमच्या ओळखीने आमचा शिरूर तालुक्यातील भाचाही त्यांत आला.

मंडळाचा एक नियम होता. ज्याचा सल्ला पसंत पडेल त्यास ज्याने त्याने एक गुण द्यावा. महिनाअखेर बेरीज व्हावी. पन्नास गुण झाले की त्याच्या नावापुढे हिरवे पान लागावे. ही कल्पना ह्या तरुणांस त्यांच्या धंद्यातून सुचली होती. संगणकाचे कारागीर अडले म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो नावाच्या ठिकाणी प्रश्न विचारतात व जगातील कोणीही जाणता त्यांस फुकट उत्तर देतो. हे ठिकाण जेफ ॲटवुड व जोएल स्पोल्स्की ह्या दोन अमेरिकन गृहस्थांनी २००८ साली सुरू केले. तेथे उत्तर एकास आवडले की उत्तर देणाऱ्यास १० गुण, आणि विचारणाऱ्याने ते स्वीकारले की आणखी १५. नुसती शोभा एवढेच त्या गुणांचे काम नाही. १५ गुण झाल्याशिवाय दुसऱ्याच्या उत्तरास पसंती देता येत नसे, ५० झाल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुराखाली टीप जोडता येत नसे. म्हणजे नवख्याने आधी काम दाखवावे, मग पंचांत बसावे, अशी ती रीत होती. चालकांस हे दर अधूनमधून बदलावेही लागले. प्रश्नास मिळणारे गुण २०१० साली दहाचे पाच केले, आणि २०१९ साली पुन्हा दहा केले. आमच्या खात्यातही दर असेच वरखाली होत, त्यामुळे आम्हांस ह्याचे नवल वाटले नाही.

ही रीत तेथे पुष्कळ वर्षे चांगली चालली, आणि ती का चालली हे शेतकऱ्याने नीट ध्यानात घ्यावे. संगणकाचे उत्तर खरे की खोटे हे बहुधा पाच मिनिटांत कळते. सांगितले तसे करून पाहावे; चालले तर चालले. गुण देणारा अनुभव घेऊन गुण देऊ शकतो. शेतातील सल्ल्याचा खरेखोटेपणा कळावयास कधी आठ दिवस, कधी हंगाम, आणि फळबागेत तर पाच वर्षे लागतात. तोपर्यंत गुण वाटून झालेले असतात. शिवाय त्या संगणकवाल्यांसही २०२२ च्या डिसेंबरात एक मनाई हुकूम काढावा लागला. यंत्राने लिहिलेली उत्तरे तेथे लोंढ्यासारखी येऊ लागली. ती दिसण्यात सुरेख, पण पुष्कळदा चुकीची असत. पाच मिनिटांत पारख होते तेथे ही अवस्था, तर आमच्याकडे काय होईल?

आता टोमॅटोची हकीकत सांगतो. भाच्याने उसातील रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारले होते. तोच पंप टोमॅटोवर बुरशीनाशक फवारण्यास चालेल काय, असे त्याने एका रात्री मंडळात विचारले. पाव तासाच्या आत हिरव्या पानाच्या एका सभासदाचे उत्तर आले. पंप स्वच्छ पाण्याने तीनदा विसळावा, मग खुशाल वापरावा, असा त्याचा आशय होता. उत्तर कलमवार लिहिलेले, भाषा नम्र, सोबत पंपाचे चित्र. अकरा जणांनी गुण दिले. आम्हीही दिला. कारकुनाच्या डोळ्यास टापटीप फार लवकर भावते, आणि तणनाशकाचा विचार आमच्या मनात क्षणभरही आला नाही. त्याच रात्री नदीपलीकडील मांजरीकडच्या एका वृद्ध बागायतदारांनी एक ओळ लिहिली: "तो पंप टोमॅटोला लावू नका, वेगळा घ्या." कारण दिले नाही. त्यांचे एकंदर गुण चार होते. त्या ओळीस कोणीही गुण दिला नाही. भाच्याने दोन्ही उत्तरे वाचली, दोहोंपुढील आकडे पाहिले, आणि सकाळी पंप तीनदा विसळून फवारणी केली.

पुढे जे झाले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. थोड्याच दिवसांत शेंडे पिळवटले, नवी पाने अरुंद व सुरळी झालेली येऊ लागली, फूल गळाले. टोमॅटो, कापूस, द्राक्ष ही पिके ह्या औषधास अतिशय नाजूक आहेत. टाकीत, नळीत, वायसरात राहिलेला अंशही त्यांस पुरतो, आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. धुण्याच्या सोड्याचे किंवा अमोनियाचे पाणी टाकीत व नळीत भरून ठेवून धुतल्यास धोका कमी होतो, पण शहाणा बागायतदार तणनाशकाचा पंप निराळाच ठेवतो. रोपे, मल्चिंगचा कागद, बांबू, तार आणि मजुरी मिळून भाच्याचे साठ हजारांच्या आसपास गेले. तो आम्हांस भेटावयास आला तेव्हा त्याने दोष दिला नाही. एवढेच विचारले, "मामा, तुम्हीही त्यांनाच गुण दिलात ना?"

तो हिरव्या पानाचा सभासद लबाड नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. त्याने मंडळाची व भाच्याची मनापासून क्षमा मागितली. त्याचे गुण गुलाबाची छाटणी, कुंडीतील माती, मावा किडीवर साबणाचे पाणी ह्या विषयांवर मिळालेले होते व तेथे ते रास्तच होते. टू-फोर-डी त्याने जन्मात हाताळलेले नव्हते. परंतु आकड्यास विषय ठाऊक नसतो. गुलाबावर मिळविलेले गुण तणनाशकावर खर्च झाले, आणि ते खर्च करताना आम्हांपैकी कोणीही खाते तपासले नाही.

आकड्याची ही जात आम्हांस ओळखता यावयास हवी होती, कारण तीस वर्षे आम्ही महसूल खात्यात आकडेच लिहीत होतो. त्यांत सर्वांत अवघड आकडा पिकाच्या पैसेवारीचा. जुन्या काळी तिला आणेवारी म्हणत; सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. मुंबई इलाख्यात चार आणे किंवा त्याहून कमी पीक आले तर त्या वर्षीच्या साऱ्याची वसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सत्याग्रह झाला तो ह्याच आकड्यावरून. पीक चार आण्यांच्या आत आहे असे शेतकरी म्हणत, अधिक आहे असे अधिकारी म्हणत, आणि शेत तर दोघांच्या डोळ्यांपुढे एकच होते. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर पुढे आण्यांचे पैसे झाले, पण भांडण तेच राहिले. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांस परीक्षा फीची माफी, असे पुष्कळ काही मिळे. गावात समिती बसे, नमुन्याचे प्लॉट कापून उतारा काढला जाई, आणि अठ्ठेचाळीस की बावन्न ह्यावर सायंकाळ होई. अशा एका बैठकीत, गाव सांगत नाही, आम्ही स्वतः दप्तर घेऊन बसलो होतो. बांधापलीकडे बाजरी उभी होती, पण बाजरीकडे कोणी पाहत नव्हते. सरकारी माणसास आकडा वर हवा, गावास खाली हवा, आणि पीक खरे किती हा प्रश्न त्या सभेत उरलाच नव्हता. पुढे २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, भूजल, जमिनीतील ओल व उपग्रहाने टिपलेली हिरवळ असे निकष आणले. २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो त्या आधारे. परंतु तेव्हाही तालुके आपापल्या आकड्यावरून भांडलेच.

आकड्यास लाभ चिकटला की आकडा पिकास सोडून लाभाच्या मागे जातो. हौशी मंडळात पैशाचा लाभ नसतो, हे खरे. पण हिरवे पान हाही लाभच आहे. ज्याच्या नावापुढे पान आहे त्यास गप्प बसवत नाही. ठाऊक नसलेल्या प्रश्नासही त्यास उत्तर द्यावेसे वाटते, आणि तेही इतरांच्या आधी. शासनाच्या पीकस्पर्धेत निदान समितीसमोर पीक कापून काट्यावर चढते. आमच्या मंडळात काटा नव्हता.

इतके वाचून कोणी म्हणेल, तर मग गुण नकोतच. आम्ही तसे म्हणत नाही, आणि त्याचे कारण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड ह्या खेड्यात दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली आपल्या भातात त्यांस काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या ठेवल्या, पुन्हा पेरल्या, निवडीत गेले, आणि त्यांतून जे बारीक दाण्याचे वाण तयार झाले ते एचएमटी ह्या घड्याळाच्या नावाने सर्वत्र पसरले. बी एका हातातून दुसऱ्या हातात गेले. देणाऱ्याचे नाव मात्र वाटेत गळत गेले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने २००५ साली त्यांचा गौरव केला तो बावीस वर्षांनी, आणि २०१८ च्या जून महिन्यात ते वारले तेव्हा त्यांची ओढाताण संपलेली नव्हती. ते तांदूळ खाणाऱ्यांपैकी कितींस त्यांचे नाव ठाऊक असेल? कोणी काय दिले, ह्याची नोंद कोठे तरी असावयास हवी होती. अनोळखी लोकांच्या मंडळातील गुण म्हणजे, नीट पाहिले तर, अशी नोंदच होय. जेथे बाप-आजा ठाऊक नाही तेथे तीच ओळख. खराडीसारख्या ठिकाणी ती काढून टाकली तर मोठ्याने बोलणारा व शेवटी बोलणारा हेच जिंकतील.

म्हणून टोमॅटोच्या प्रकरणानंतर मंडळात जी चर्चा झाली, तीत आम्ही दप्तरातील एक जुना रकाना सुचविला: शेरा. गुण त्याच दिवशी देऊ नये. ज्याने प्रश्न विचारला त्यानेच, सल्ला करून पाहिल्यावर, काय घडले हे दोन ओळींत लिहावे व मग गुण द्यावा. गुण विषयवार निराळे असावेत: गुलाबाचे गुलाबात, औषधांचे औषधांत. आणि उत्तर देणाऱ्याने हे आपण स्वतः केले आहे की ऐकले आहे, ते आरंभीच सांगावे. पुष्कळ वादानंतर हे मान्य झाले.

ह्याची किंमत द्यावी लागली, तीही सांगतो. हिरव्या पानाचे तिघे मंडळ सोडून गेले. पूर्वी रात्री विचारलेल्या प्रश्नास पाव तासात उत्तर येई. आता कधी कधी दोन दिवस कोणी बोलत नाही. शेरा लिहिण्याचा कंटाळा सर्वांस आहे, आणि पीक चांगले आले की सल्ला कोणाचा होता हे मनुष्य सोयीने विसरतो. गुणांमुळे मंडळात चैतन्य होते हे आम्ही नाकारीत नाही. कुंडीतल्या मोगऱ्यापुरते ते जुने गुण ठेवले असते तरी बिघडले नसते. तेथे चूक झाली तर एक कुंडी जाते. शेताच्या प्रश्नास मात्र आम्ही शेऱ्याचाच आग्रह धरू. आपल्या सोसायटीच्या सभासदांत असे मोबाईलचे गट झाले आहेत, त्यांनी ह्याचा विचार करावा.

मांजरीकडच्या त्या बागायतदारांस आम्ही मुद्दाम जाऊन भेटलो. कारण का लिहिले नाही, असे विचारता ते म्हणाले, "रात्री डोळ्याला दिसत नाही, बोटाला अक्षर सापडत नाही. माझी काकडी अशीच गेली होती, एवढं लिहायला अर्धा तास लागला असता." त्यांचे गुण वर्षभर चारच राहिले. ह्या हंगामात भाच्याने पुन्हा टोमॅटो लावला, आणि तोडे सुरू झाल्यावर त्यांच्या त्या जुन्या ओळीखाली पाचवा गुण व शेरा लिहिला: वेगळा पंप घेतला, पाला चांगला आहे, आठवा तोडा चालू.