नोकरी सांभाळून म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा देता येईल का?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. वय ३६. मुलगी चौथीत आहे, सासूबाईंचं औषधपाणी माझ्याकडेच असतं. बी.कॉम. झाल्यापासून अभ्यासाचं पुस्तक हातात धरलेलं नाही. म्युच्युअल फंड वितरक होण्यासाठीची एनआयएसएमची परीक्षा द्यायची इच्छा आहे, पण क्लास लावायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत. मैत्रीण म्हणते, ‘तयार प्रश्नसंच मिळतात, आठ दिवस पाठ केले की झालं.’ तसं करावं का? वेळ कसा काढावा? आणि पास झाल्यावर पुढे काय? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : परीक्षा जरूर द्या. क्लासची गरज नाही. प्रश्नसंच पाठ करण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. आता एकेक मुद्दा पाहू.

परीक्षा कशी असते?

नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स, म्हणजेच एनआयएसएम, ही ‘सेबी’ने २००६मध्ये स्थापन केलेली संस्था. तिचं संकुल आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. तिच्या अनेक परीक्षांपैकी वितरकांसाठी असते ती ‘सिरीज फाइव्ह-ए’. संगणकावर १०० बहुपर्यायी प्रश्न, १०० गुण, दोन तास वेळ, आणि उत्तीर्ण व्हायला ५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडून येऊ नका. निकाल लगेच कळतो. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. नापास झालात तर पुन्हा शुल्क भरून बसता येतं.

अभ्यास कशातून करावा?

एनआयएसएमच्या वर्कबुकमधून. ते संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं आणि प्रश्न त्याच्याच आधारे येतात. मात्र आवृत्ती चालू आहे ना, ते आधी पाहा. कुणाची जुनी झेरॉक्स आणून अभ्यास करू नका. इक्विटी फंडातल्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर २३ जुलै २०२४पासून १० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला आणि वर्षाला करमुक्त नफ्याची मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख झाली. जुन्या पुस्तकात जुनेच दर असणार, आणि तेच पाठ झाले तर गुण जाणारच.

वर्कबुक चाळलंत की लक्षात येईल, यातला बराच भाग तुमच्या रोजच्या कामाच्या जवळचा आहे. केवायसी, वारसनोंद, अज्ञान मुलाच्या नावचं खातं, खातेदाराच्या मृत्यूनंतरचे कागद हे सगळं तुम्ही पतसंस्थेत हाताळताच. नवा भाग म्हणजे फंडाची रचना, सेबीचे नियम, जोखीम आणि आकडेमोड. तुमचा वेळ तिथे खर्च करा.

पाठांतर का नको?

दोन उदाहरणं देतो. योजनेची मालमत्ता १० कोटी २० लाख रुपये, देणी आणि खर्च २० लाख, आणि युनिट ५० लाख. मग एका युनिटचं मूल्य, म्हणजे एनएव्ही, किती? देणी वजा करून उरले १० कोटी. भागिले ५० लाख. उत्तर २० रुपये. एकदा वहीत हाताने सोडवलंत, की आकडे कसेही बदलून आले तरी अडणार नाही. पाठ केलेलं उत्तर आकडा बदलला की निकामी होतं.

दुसरं उदाहरण. ग्राहकाने इक्विटी योजनेचा अर्ज दुपारी अडीचला दिला, म्हणजे तीनच्या आत. पैसे मात्र योजनेच्या खात्यात दुसऱ्या दिवशी सकाळी जमा झाले. एनएव्ही कोणत्या दिवसाची? दुसऱ्या दिवसाची, कारण अर्ज आणि पैसे दोन्ही वेळेत पोचावे लागतात. हे परीक्षेपुरतं नाही. उद्या एखादे निवृत्त मास्तर तुमच्यापुढे बसून विचारतील, ‘बाई, मी तर कालच अर्ज दिला होता, मग आजचा भाव का लागला?’ तेव्हा प्रश्नसंच उपयोगाला येणार नाही. सराव चाचण्या जरूर सोडवा, पण धडे वाचून झाल्यावर, आपलं कच्चं काय आहे ते कळण्यासाठी.

वेळ कसा काढावा?

आधी तारीख ठरवा. पतसंस्थेत मार्चअखेरची वसुली आणि ताळेबंदाची धावपळ असते, दिवाळीत घरात उसंत नसते. हे दोन्ही काळ टाळून सात-आठ आठवडे पुढची तारीख घ्या आणि शुल्क भरून टाका. पैसे भरले की घरातलेही त्या तारखेचा विचार करू लागतात.

मग रोज पाऊण तास, शक्यतो घर जागं होण्याआधी. आठवड्याला दोन धडे धरले तर सहा-सात आठवड्यांत वर्कबुक पुरं होतं. रविवारी सलग दोन तास मागून घ्या. त्या वेळात सासूबाईंचं औषध आणि मुलीचा गृहपाठ दुसऱ्या कुणी पाहावा, हे घरात स्पष्ट सांगा. शेवटचा आठवडा घड्याळ लावून पूर्ण चाचण्या सोडवण्यासाठी ठेवा. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचा हट्ट नको, रविवारी भरून काढा.

वर्कबुक इंग्रजीत वाचणार असाल तर रोज त्यातला एक मुद्दा सासूबाईंना मराठीत सांगा. १० हजारांचे दोन वर्षांत १४ हजार ४०० झाले, तर वार्षिक चक्रवाढ परतावा २२ नव्हे, २० टक्के का, हे त्यांना पटलं तर तुम्हालाही कळलं असं समजा.

पास झाल्यावर पुढे काय?

म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना ‘अ‍ॅम्फी’ हिच्याकडे नोंदणी करून एआरएन क्रमांक घ्यावा लागतो. त्याशिवाय वितरकाचं काम करता येत नाही. त्याआधी तुमच्या पतसंस्थेच्या सेवानियमांत असं काम करायला परवानगी आहे का ते पाहा आणि ती लेखी घ्या. स्वतःला ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणवून घेऊ नका; त्यासाठी सेबीची वेगळी नोंदणी लागते.

कमाईबद्दल स्पष्ट सांगतो. २०१८पासून सेबीने आगाऊ कमिशन बंद करून ‘ट्रेल’ पद्धत आणली. गुंतवणूक जितके दिवस राहील तितके दिवस थोडं थोडं मिळतं. समजा दर एक टक्का असेल, तर एक लाखाच्या गुंतवणुकीवर वर्षाला साधारण हजार रुपये. म्हणून नोकरी लगेच सोडू नका. पहिली काही वर्षं ही जोडकमाईच राहील.

५० गुणांवर परीक्षा सुटते, पण तुमच्याकडे येणारा माणूस आयुष्यभराची पुंजी घेऊन येणार आहे, म्हणून अभ्यास शंभर गुणांचा करा. वर्कबुक आजच उतरवून घ्या आणि पहिला धडा उद्या सकाळी वाचा.