जुन्या मालमोटारीचा पाण्याचा पंप बदलणें

लासलगांवच्या बाजारास निघालेली मालमोटार वाटेंत तापून उभी राहिली, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मालाचेंहि नुकसान होतें. म्हणून पंपाची परीक्षा हंगामापूर्वींच करावी.

पंपाच्या दांड्याखालीं एक बारीक भोंक असतें. आंतील सील झिजलें कीं तेथून पाणी ठिबकतें. तें भोंक बुजवूं नये. बुजविल्यास पाणी बेअरिंगांत शिरून तें नासतें. पुष्कळ जुन्या इंजिनांत पंखा पंपाच्याच दांड्यावर असतो. इंजिन बंद असतां तो हातानें हालवावा. दांडा डुलत असल्यास पंप बदलणेंच इष्ट.

रेडिएटरचें झांकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावें, नाहीं तर उकळतें पाणी अंगावर उडतें. पाणी काढून पट्टा, पंखा व नळी सोडावी. बोल्ट कमीअधिक लांबीचे असतात. कोणता कोठून निघाला याची खूण ठेवावी. जुनें गॅस्केट खरवडून बैठक स्वच्छ करावी. नवें घालून समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळावे. पट्टा बोटानें सुमारें अर्धा इंच दबेल इतकाच ताणावा. अधिक ताणल्यास नवें बेअरिंगहि लवकर झिजतें. पाणी भरून इंजिन चालवावें, गळती पाहावी, आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासावी.