टाक्याचे मोल

मुलांनो, आपल्या देशात असे काही प्रदेश आहेत, जेथे निसर्गाने आपला हात आखडता घेतला. पण माणसाच्या हातांनी ती उणीव भरून काढली. गुजरात राज्यातील कच्छ हा असाच एक प्रदेश होय. पाऊस थोडा, जमीन बहुतेक रेताड व खारी, उन्हाळा कडक. जिकडे पाहावे तिकडे करडी माती आणि काटेरी झुडपे. परंतु तेथील स्त्रियांची वस्त्रे पाहावीत, तर त्यांवर लाल, हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या रंगांची नुसती लयलूट! रानात न फुललेली फुले जणू त्यांनी सुईने कापडावर फुलविली आहेत.

कच्छमध्ये प्रत्येक जमातीचे भरतकाम निराळे असते. रबारी स्त्रिया साखळी टाका घालतात व मध्ये नाना आकारांचे बारीक आरसे जडवितात. ‘खारेक’ या प्रकारातील लांबट पट्ट्या खारकांसारख्या दिसतात. ‘सूफ’ भरत तर सर्वांत अवघड. त्यासाठी कापडावर आकृती काढीत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजावयाचे आणि उलट्या बाजूने टाके घालावयाचे. सुलट बाजूस त्रिकोणांची रेखीव नक्षी उमटते. एक धागा चुकला, की सारी नक्षी बिघडते. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नसे. आईजवळ बसून मुलगी ती शिके आणि सासरी न्यावयाची वस्त्रे स्वतःच्या हाताने भरी. अशी वस्त्रे विकावयाची नसत. ती घराची शोभा व घराण्याचा मान असत.

पण दुष्काळ मान पाहत नाही. पोटासाठी कितीतरी कुटुंबांनी आजी-पणजींनी भरलेली वस्त्रे मिळेल त्या किमतीस व्यापाऱ्यांना देऊन टाकली.

सन १९६९ मध्ये कच्छात असाच दुष्काळ होता. मुंबईस राहणाऱ्या चंदाबेन श्रॉफ या बाई रामकृष्ण मिशनच्या मदतकार्यासाठी धाणेटी या गावी गेल्या होत्या. तेथे त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. लोक भुकेले होते, पण फुकटचे अन्न घेताना त्यांना संकोच वाटत होता. कष्ट करून जगणाऱ्या माणसाला दान घेणे जड जाते. चंदाबेनचे लक्ष त्या स्त्रियांच्या अंगावरील भरतकामाकडे गेले. ज्यांच्या बोटांत एवढी कला आहे, त्यांनी हात का पसरावा? त्यांनी तीस साड्या आणून भरावयास दिल्या व त्या कामाची मजुरी दिली. साड्या चटकन खपल्या. यातूनच ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. हे नाव ‘सृजन’ या शब्दावरून घेतलेले आहे.

आता आपण या संस्थेच्या कामाकडे वळू. तिचे केंद्र भुज शहराजवळ, विणकरांच्या भुजोडी या गावी आहे. तेथे गेल्यावर, एका मोठ्या दालनात शेकडो बायका ओळीने बसून काम करीत असतील, अशी आपली कल्पना असते. पण खरे काम चालते ते दूरदूरच्या गावांत, ज्या त्या घराच्या ओसरीवर. केंद्रातून कापड आणि दोरा गावी पाठविला जातो. स्त्रिया घरचा स्वयंपाक, गुरे-वासरे व मुले सांभाळून सवडीने ते काम पुरे करतात. तयार झालेले काम तपासून त्यांना मजुरी दिली जाते. घर न सोडता हाती स्वतःची कमाई येते. अशा रीतीने हजारो स्त्रियांना काम मिळाले आहे.

येथे थोडा हिशेब करू. समजा, एका ओढणीवर एका बाईने रोज चार तास याप्रमाणे पंधरा दिवस काम केले. म्हणजे साठ तास झाले. ती ओढणी बाजारात आली आणि गिऱ्हाइकाने घासाघीस करून किंमत उतरविली. कापडवाल्याने आपले पैसे आधीच घेतलेले असतात. दोऱ्याचेही पैसे चुकते झालेले असतात. मग कमी झालेली रक्कम बहुधा कोणाच्या वाट्यातून जाते? त्या साठ तासांच्या मजुरीतून! जो धंदा हा वाटा आधी राखून ठेवतो व मग वस्तूची किंमत ठरवितो, तोच न्यायाचा धंदा म्हणावयाचा.

मजुरीबरोबर चंदाबेनना आणखी एक काळजी होती. जुनी वस्त्रे विकली गेली, तर नातींनी आजीची कला पाहावी कोठे? म्हणून त्यांनी कुशल स्त्रियांकडून निरनिराळ्या भरतकामांचे हजारांहून अधिक नमुने करवून घेतले. ते गाडीतून गावोगावी नेऊन स्त्रियांना दाखविण्याच्या योजनेबद्दल त्यांना २००६ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. २०१६ साली अजरखपूर येथे या कलांचे संग्रहालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी चंदाबेन निवर्तल्या.

कला केवळ कौतुकाने जगत नाही. करणाऱ्याच्या घरी चूल पेटावी, एवढे मोल तिला मिळाले तरच आई ती मुलीला शिकविते. जत्रेत वा दुकानात हाताने केलेली वस्तू उचलाल, तेव्हा तिची उलटी बाजूही पाहा. तेथील टाके मोजा. आणि मग ती वस्तू महाग आहे की स्वस्त, हे ठरवा.

स्वाध्याय
१. सूफ भरत अवघड का मानले जाते?
२. धाणेटीच्या लोकांना अन्न घेताना संकोच का वाटत होता?
३. ‘दान’ आणि ‘दाम’ यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या कारागिरास भेटा. एक वस्तू करण्यास त्याला किती वेळ लागतो व तिचे किती पैसे मिळतात, ते विचारून दहा ओळी लिहा.