लेखक, संपादक आणि खर्डा

संपादक म्हणजे छपाईपूर्वी शुद्धलेखन तपासणारा, ही समजूत अपुरी आहे. गिरगावातील खटाववाडीतून निघणाऱ्या 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत व राम पटवर्धन लेखकांशी पत्रव्यवहार करीत, पुनर्लेखन सुचवीत. परत आलेले हस्तलिखित अपमानास्पद वाटणे स्वाभाविकच. परंतु ते पहिल्या जाणत्या वाचकाचे उत्तरही असे. १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली. एकाच अभिरुचीचे माप सर्वांना लावले जाते, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. तरीही संपादकाचा सहभाग कथेला नेमके काय देतो, हा प्रश्न उरतोच. डोंबिवलीत दीर्घकाळ वास्तव्य केलेले शं. ना. नवरे किंवा पु. भा. भावे (भावे स्वतः 'आदेश'चे संपादक!) यांच्या अभ्यासकाने म्हणून छापील पाठाशेजारी मूळ खर्डा ठेवून पाहावा, कोणते वाक्य कोणाच्या सूचनेने गळले, हे एरवी कळत नाही.