शेतकऱ्याने स्मार्टफोनवर किती रक्कम घालावी?

पेठवडगावच्या बाजारात बैल घेताना शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो, कारण किती वर्षे काम मिळणार यावर किंमत ठरते. स्मार्टफोन घेताना मात्र हाच शेतकरी कॅमेरे मोजतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली व सातबाऱ्यावर पिकाची नोंद फोनद्वारे स्वतः करण्याची सोय झाली. ही नोंद राहून गेल्यास आधारभूत किमतीने सोयाबीन विकतेवेळी अडचण येते. यास्तव फोनची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

फोनचे आयुष्य मुख्यतः कंपनी किती वर्षे सुरक्षा-सुधारणा पुरविते यावर अवलंबून असते. त्या बंद झाल्या की फोन चालतो, परंतु पैशांच्या व्यवहारास तो हळूहळू असुरक्षित होतो. म्हणून किमतीस वर्षांनी भागून पाहावे. आठ हजारांचा फोन दोन वर्षे टिकल्यास वार्षिक खर्च ४,००० रुपये पडतो. चौदा हजारांचा चार वर्षे टिकल्यास ३,५०० रुपये. आणि तीस हजारांचा पाच वर्षे वापरला तरी ६,००० रुपये. सर्वांत स्वस्त फोन सर्वांत किफायतशीर असतोच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल. शेतीकामापुरता विचार केल्यास बारा ते पंधरा हजारांच्या पुढे जाण्याचे प्रयोजन सहसा उरत नाही.

या रकमेत सहा जीबी कार्यस्मृती, १२८ जीबी साठवण व किमान ५,००० मिलिअँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी पाहावी. २०१९ व २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीर भागांत अनेक गावांची वीज खंडित झाली होती. अशा वेळी बॅटरीचे मोल कळते. पडदा दुकानातील दिव्याखाली न पाहता बाहेर उन्हात नेऊन पाहावा. पावसापासून बचावासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा जाड प्लास्टिकची पिशवी पुरते.

हप्त्यांचा मोह टाळावा. उसाचे बिल गाळप हंगामात येते, हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो. ‘शून्य टक्के व्याज’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. ते व्याज किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते. रोखीने घेतल्यास किती सूट मिळते, एवढे विचारले की उलगडा होतो.

ज्यांना केवळ बोलावयाचे आहे अशा वडीलधाऱ्यांस साधा फोन पुरेसा आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक त्यावरूनही लागतो.

जुना फोन घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी *#०६# दाबून येणारा पंधरा अंकी क्रमांक केंद्र शासनाच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासावा. तो काळ्या यादीतील अथवा दुबार निघाल्यास व्यवहार तेथेच थांबवावा, आणि पावतीशिवाय तर फोन मुळीच घेऊ नये.