दिसाले त चांगली दिसते

सिकलसेल असलेल्या माणसाला आमच्या नेरसारख्या गावात सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागतं ते हेच. ‘दिसाले त चांगली दिसते, मंग काय झालं वं तुले?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर हात लावून कळतो. माझ्या हाडाच्या आत, बारीक रक्तवाहिनीत काय अडकलंय ते कुणाला कसं दिसावं? सकाळी मी मशीनवर बसून ब्लाऊज शिवते आणि दुपारी मला कुशीवर वळता येत नाही. दोन्ही खरं आहे. बघणाऱ्याला मात्र त्यातलं एकच खरं वाटतं, आणि बहुतेकांना सकाळचं वाटतं.

ज्यांच्या घरात असं न दिसणारं दुखणं आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी वाचलं तर अधिक बरं. गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टर सांगतात. पण आपल्या तोंडच्या ‘दुखतं’ या शब्दावर पुरावा न मागता विश्वास ठेवणारी माणसं कोणत्याही दवाखान्यात मिळत नाहीत. ती ओळखावी लागतात आणि जपावी लागतात. मी आज जिवंत आहे ती अशाच एका बाईमुळे.

माझे डोळे लहानपणापासून पिवळसर. त्यामुळे दर पावसाळ्यात मला कावीळ झाली असं ठरायचं आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं जायचं. तेल-हळद बंद, उसाचा रस सुरू. सांधे सुजले की वात. शाळेच्या मैदानावर दम लागला की रक्त कमी, मग लोहाच्या गोळ्या. परीक्षा जवळ आली की हिचं दुखणं सुरू होतं, असं शाळेत बोललं जायचं. त्यात तथ्य होतं, फक्त त्याचा अर्थ वेगळा होता. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अतिश्रम आणि मनावरचा ताण, यांतल्या कशानंही सिकलसेलचं दुखणं उठतं. बारावीत असताना यवतमाळच्या एका डॉक्टरांनी माझं रक्त इलेक्ट्रोफोरेसिसच्या तपासणीला पाठवलं आणि रिपोर्ट आला: एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही दोष आलेला सिकलसेल आजार.

त्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला समोर बसवून सगळं समजावलं. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आमची १० ते २० दिवसांत मरते. प्राणवायू कमी पडला की ती वाकडी होते, विळ्यासारखी; कडक होते, आणि केसाएवढ्या रक्तवाहिनीत अडकून पुढचा रक्तपुरवठा तोडते. जिथे तो तुटतो तिथे कळा येतात. मेलेल्या पेशींतला पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. म्हणजे माझी कावीळ ही कावीळ नव्हती आणि माझं कमी रक्त हे लोह कमी पडल्यामुळे नव्हतं. म्हणून पहिली गोष्ट इथेच सांगते: लेकराचे डोळे वारंवार पिवळे होत असतील, हातापायांची बोटं सुजत असतील, रक्त सारखं कमी निघत असेल, तर काढे आणि गंडेदोरे बाजूला ठेवा आणि आधी सिकलसेलची तपासणी करा. लोहाच्या गोळ्याही तपासल्याशिवाय वर्षानुवर्षं देऊ नका.

हा आजार कुणाच्या पापानं होत नाही, आणि तो एका जातीचाही नाही. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्या सापडल्या आणि १९५८ पर्यंत नागपूरकडच्या नोंदीही छापून आल्या. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा आणि आपला विदर्भ या सगळ्यांत समान काय, तर हिवताप. एका पालकाकडूनच हा दोष आलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं. म्हणून पिढ्यान् पिढ्या तो या मुलखात टिकला. आपल्याकडे तो गोंड, कोलाम, परधान, बौद्ध यांच्यात आहे, तसाच कुणबी-तेली घरांतही आहे. तरीही ‘त्याइची बिमारी’ असं बोट दाखवलं जातं, आणि त्या बोटाच्या भीतीनं घरंच्या घरं रिपोर्ट पेटीत दडवून ठेवतात. एवढं नुकसान त्या वाकड्या पेशींनीही केलं नसेल.

माझ्या लग्नाच्या वेळी हेच घडायचं होतं. मामाजी म्हणाले, ‘लग्न होऊन जाऊ द्या, मंग सांगू.’ बाबांनी ऐकलं नाही. पाहायला आलेल्या प्रत्येक घराला त्यांनी चहाच्या आधी रिपोर्ट दाखवला. काही स्थळं तिथूनच उठून गेली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आज मात्र बाबांचे उपकार वाटतात. एका मुलानं रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, ‘हे कोणत्या डॉक्टरले दाखवलं? मले भेटाचं हाय त्याइले.’ तो भेटून आला, स्वतःचं रक्त तपासून घेतलं, एए, म्हणजे दोष नसलेलं, निघालं, आणि मग होकार कळवला. कळवताना त्यानं मला जे सांगितलं ते असं: कामावरून आल्यावर तू झोपलेली दिसलीस तर मी कारण विचारणार नाही. त्यानं तो शब्द पाळला. खुब्याचा सांधा झिजायला लागला आणि पायानं मशीन चालवणं जमेना, तेव्हा मी मागायच्या आधी त्यानं मशीनला मोटर बसवून दिली.

लग्नाच्या बाबतीत हिशेब नीट समजून घ्या, कारण यात अर्धवट माहिती फार फिरते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे एएस, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी निघण्याची २५ टक्के. ‘पयलं आजारी निघालं, आता बाकीचे चांगले’ असं नसतं. प्रत्येक वेळी हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. एक एसएस आणि दुसरा एए असेल तर सगळी मुलं वाहक होतात, आजारी एकही नाही. वाहक माणूस बहुतेक वेळा आयुष्यभर ठणठणीत असतो, त्याला कमी लेखायचं काही कारण नाही. दोन वाहकांनी लग्न करायचं ठरवलंच, तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी आधीच डॉक्टरांना भेटा. सोल्युबिलिटीची साधी तपासणी फक्त दोष आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसच सांगते. साखरपुड्याआधी हा दुसरा रिपोर्ट हातात हवा.

आता त्या बाईबद्दल.

ती आमच्या गल्लीतली, दहावीपर्यंत शिकलेली. फॉल-पिकोचं काम आम्ही वाटून घेतो. ओळख झाली तेव्हा मी तिला आजाराचं सांगितलं. लोक अशा वेळी ‘अरे बाप्पा’ म्हणतात, किंवा कुठल्या तरी बाबाचा पत्ता देतात. ती म्हणाली, ‘तुले कधी काही झालं, त मले काय समजलं पायजे, ते सांग.’ मी माझी फाईल काढली आणि धोक्याची लक्षणं तिला वाचून दाखवली. तिनं ती वहीत उतरवून घेतली.

पुढे मे महिन्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात नात्यातलं लग्न होतं. वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार कशी असते ते सांगायला नको. पाय दुखताहेत हे मी सकाळीच बोलले होते. उत्तर आलं, ‘लग्नाच्या घरी सगळ्याइचेच पाय दुखतेत.’ त्या दिवशी पंगतीत वाढणं झालं, उन्हात पाणी आणणं झालं. संध्याकाळी ताप चढला आणि छातीच्या एका बाजूला श्वासागणिक कळ यायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी उन्हाचा ताप म्हणून इंजेक्शन दिलं आणि झोपायला सांगितलं. नवरा कामामुळे लग्नाला आला नव्हता. रात्री मैत्रिणीचा सहज म्हणून फोन आला. माझा आवाज ऐकून तिनं दोनच प्रश्न केले: ताप किती, आणि श्वास घेताना दुखते का? मग तिनं फोन माझ्या दिराला द्यायला लावला आणि त्याला सांगितलं की सकाळची वाट पाहू नका, आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्या. आणि तिथे पोहोचल्यावर पहिला शब्द ‘सिकलसेल’ हाच बोला. एक्स-रेमध्ये फुप्फुस भरलेलं निघालं. ऑक्सिजन लागला, रक्त द्यावं लागलं. सिकलसेलचे मोठ्या वयाचे रुग्ण ज्या कारणांनी दगावतात, त्यांत छातीचा हा झटका वरच्या क्रमांकावर आहे. सकाळपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

त्या लग्नघरातली माणसं दुष्ट नव्हती. त्यांचं माझ्यावर प्रेमही असेल. पण माझं दुखणं समजून घेण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते. आपुलकी खरी की नुसती बोलण्यातली, हे मी तेव्हापासून एवढ्यावरूनच ओळखते: माझ्या आजाराबद्दल या माणसानं काही शिकून घेतलं का?

म्हणून तुम्हीही आपल्या दोन-तीन माणसांना नीट बसवून सांगा. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण त्या दोघा-तिघांना अर्धवट सांगू नका. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर, छातीत दुखणं किंवा धाप, अचानक एक हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं, लेकराचं पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगून ते पांढरंफटक पडणं, यांपैकी काहीही झालं तर घरी थांबायचं नाही. पुरुषांमध्ये लिंगाला न उतरणारा, दुखरा ताठरपणा येतो. मुलं लाजेनं सांगत नाहीत आणि कायमचं नुकसान होतं. आईबापांनी ही गोष्ट वयात येणाऱ्या मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी. कोणत्याही ऑपरेशनच्या आधी, अगदी दात काढायच्या आधीसुद्धा, आजार सांगावा. मी रिपोर्टची छोटी प्रत मोबाइलच्या कव्हरात ठेवते.

हायड्रॉक्सियुरिया या गोळीनं माझे झटके पुष्कळ कमी झाले. ही गोळी जन्माच्या वेळचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात. आपल्या मुलांना कमी मात्रेतही तिचा उपयोग होतो, हे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्या अभ्यासात दिसलं आहे. ती रोज घ्यावी लागते, मधून मधून रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं लागतं. बरं वाटायला लागलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. दुखलं की मेडिकलमधून मिळेल ती गोळी आणून खाणं मात्र थांबवा, त्यात मूत्रपिंडं जातात.

जी माणसं धावून येतात, ती थकतातही. मी दवाखान्यात असते तेव्हा नवऱ्याची मजुरी बुडते आणि झोपही. सगळा भार एकट्यावर पडला की चांगलं नातंही कोरडं होत जातं. आम्ही कामं वाटली आहेत: दवाखान्यात मैत्रीण, घरी नणंद, रात्री गाडीसाठी शेजारचा भाऊ. मी बरी असते तेव्हा मैत्रिणीच्या घरच्या कपड्यांची शिलाई घेत नाही, नणंदेच्या पोरांचा अभ्यास घेते, आणि नवऱ्याचं काय दुखतंय ते विचारते. आजारी माणसाकडेही द्यायला बरंच असतं. समोरच्यानं ते घ्यावं, ‘तू राहू दे’ म्हणून परतवू नये. आम्हाला बोलावणं धाडत राहा. येता येईल की नाही ते आमचं आम्ही ठरवू. शेवटच्या क्षणी नाही म्हटलं तर पुढच्या वेळी पुन्हा बोलवा.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. त्यामागे नागपूरच्या सिकलसेल सोसायटीचे संपत रामटेके यांच्यासारख्यांनी अनेक वर्षं केलेला पाठपुरावा आहे. प्रमाणपत्र असलं की एसटीची सवलत मिळते, परीक्षेत मुलांना सोय मिळते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तीत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायचं ठरलं. गावात पथक आलं तर ‘आमच्या घरी कोणाले काही नाई’ म्हणून दार लावू नका.

माझी लेक एएस आहे. हे तिला शाळेत असतानाच माहीत होतं. आता तिच्यासाठी एक स्थळ सांगून आलं आहे, घर चांगलं आहे, मुलगा अमरावतीला नोकरीला आहे. तिनं स्वतः फोन करून त्याला आपला रिपोर्ट पाठवला आणि त्याचा मागितला. त्याच्या घरच्यांना ते जरा लागलं असं मध्यस्थाकडून कळलं. मुलगा सोमवारी रक्त द्यायला जाणार आहे म्हणतो. रिपोर्ट आल्यावर पुढची बोलणी करायची, तोवर पत्रिकेचं नाव काढायचं नाही, असं लेकीनं आम्हाला बजावलं आहे.